आईच्या हातातला रंधा

अप्पा गेल्यापासून त्यांची सुतारकामाची पेटी आईने उघडली नव्हती. आम्हीही तिच्यासमोर पेटीचं नाव काढत नसू. परवा माहेरी गेले, तर आई मोरीचं फुगलेलं दार आडवं टाकून त्याच्या कडेवर अप्पांचा रंधा फिरवत होती. पायाशी लाकडाची सालपटं पडली होती. मी उंबऱ्यातच थबकले.

"बघतेस काय? दार धर," ती म्हणाली. "गावभर दारं करून दिली तुझ्या अप्पांनी, आपलं एक कधी धड लागलं नाही!"

आणि ती हसली. गेलेल्या माणसाची तक्रार करता येऊ लागली, की ते घरात परतल्यासारखं वाटतं. माझा जीव भांड्यात पडला.

"आणि तो डुगडुगणारा पाट?" दार धरत मी विचारलं.

"त्याचं तर नावच काढू नकोस," म्हणत आईने सगळं सांगायला सुरुवात केली.