हेल्मेटवरचा गणपती

अंजूनं हेल्मेटच्या आतल्या गाद्या काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या होत्या. दोन चोळून, पिळून दोरीवर गेल्या, दोन अजून बादलीतच होत्या. रविवारी लिंबागणेशजवळच्या माळावर डर्टबाइकची शर्यत होती, आणि त्यात उतरणारी नणंद योगिता, तिचा घाम, खोबरेल तेल नि शेळ्या यांचा मिळून त्या गाद्यांना असा वास सुटला होता की विचारता सोय नाही. गाद्या भिजत होत्या तोवर आतला पांढरा थर्माकोल पुसून घ्यावा म्हणून तिनं हेल्मेट उन्हाकडं धरलं.

कपाळाच्या वर एक रेघ दिसली. केस असेल म्हणून तिनं फडकं फिरवलं. रेघ हलली नाही. नख लावलं तर नख अडकलं. भाजलेल्या मडक्याला तडा जावा तशी चार बोटं लांब चीर होती ती.

तिनं हेल्मेट पालथं केलं. बाहेरून बरोबर त्याच जागी चिकटवलेलं गणपतीचं चित्र होतं. रोज सकाळी देवपूजा झाली की उरलेल्या कुंकवाचं बोट ती त्याला लावायची. संकष्टीला दूर्वासुद्धा ठेवायची.

अंजू धर्मापुरीकडची. तिचे वडील बंकट बाजारातून परत येताना गाडीवरून पडले, तेव्हा डोक्याला नुसतं उपरणं गुंडाळलेलं होतं. जीव वाचला. पण त्यानंतर अंजू माहेरी गेली की ते खाटेवरून उठून बसतात, उपरणं सारखं करतात नि अदबीनं विचारतात, "बाई, तुमी कुण्या गावच्या?" ती सांगते. ते मान हलवतात. थोड्या वेळानं पुन्हा विचारतात.

म्हणून नणंद चुकलेल्या शेळ्या शोधायला जुन्या मोटारसायकलवरून डोंगर चढायला लागली आणि पुढं शर्यतीचं नाव काढलं, तेव्हा सगळ्या घरात विरोध एकट्या अंजूचा. योगिता तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी अंजूच म्हणाली, "जा. पण अंगावर काय चढवायचं ते मी ठरवणार."

दोघी बीडला वाहेदच्या दुकानात गेल्या. वाहेद स्वतः मिस्त्री, एक गुडघा गाडीपायी गमावलेला, त्यामुळं माल विकताना त्याची जीभ सरळ चालायची. योगितानं लाल हेल्मेट उचललं, एक माप मोठं, वेणी मावावी म्हणून.

"भाभी, हिला मान हलवायला सांगा," वाहेद म्हणाला. "डोकं आधी अन् हेल्मेट मागून हलतंय का बघा."

हललं.

"मग ह्ये टोपलं हाय. शेण भरायला न्या."

अंजूच्या ते लगेच ध्यानात आलं. कासाराकडं हात आवळून घेतल्याशिवाय बांगडी बसत नाही, आणि सैल बांगडी पाण्याच्या पहिल्या हंड्यालाच जाते. तिनं काळं, आवळ हेल्मेट निवडलं.

"वहिनी, लागतंय गं!"

"लागू दे. वेणीचं मी बघते."

मग छातीची ढाल आली, तिला योगिता कासव म्हणाली. कोपराचे, गुडघ्याचे संरक्षक आले. नडगीपर्यंतचे बूट घालून ती दुकानात दोन पावलं चालली नि म्हणाली, "आता मला नांगरालाच जुंपा." अंजू हसली, पण बूट तेच घेतले. निघताना वाहेदनं हेल्मेटवर टिचकी मारली. "बाकी सगळं घासलं, खरचटलं तरी चालतंय. पण ह्याला एक जोराचा घाव बसला, वरून दिसो न दिसो, की ह्याचं काम सपलं. मग खुंटीला टांगायचं."

तेव्हापासून गाडी काढायच्या आधी अंजू नणंदेच्या दोन चपट्या वेण्या मानेशी घालायची. हेल्मेटखाली बरोबर बसतील अशा, मापात.

आता तिनं हात जोडले, "देवा, माफ कर" म्हणाली आणि ओल्या नखानं चित्र सोडवायला सुरुवात केली. ते सहज निघालं नाही. खाली रंग चांदणीसारखा फुटला होता, आणि भेगेत नारळाच्या शेंडीचा एक तपकिरी धागा होता.

दसरा आठवला तिला. गाडीला झेंडूची माळ, ताटात हळदकुंकू. योगिता आपट्याची पानं वाटायला गावात गेली होती, आणि ती स्वतः आत पुरणपोळी उलटत होती. अंगणात नवऱ्याचे, अंगदचे, दोस्त ओरडत होते. मग नारळ फुटल्याचा आवाज, टाळ्या. "चाकापुढं फोडला," असं सांगत अंगदनं आत खोबरं आणून दिलं होतं. तिनं ते देवापुढं ठेवून सगळ्यांना वाटलं, स्वतःही खाल्लं.

नि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हे चित्र घेऊन आला होता. "लिंबागणेशाच्या देवळापुढून आणलं. रोज हात जोडत जा, म्हंजी योगी पडायची न्हाई." लग्नाला नऊ वर्षं झाली होती. न सांगता नवऱ्यानं देवाचं काही आणावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. अंजूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा.

तिनं वाहेदला फोन लावला.

"भाभी, आता इचारता व्हय?" तो म्हणाला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच घिऊन आलते अंगदभाऊ. दोस्तांना मजबुती दाखवायला नारळ हेल्मेटवर फोडला म्हणले. मी सांगितलं, ह्ये खुंटीला लावा अन् बहिणीला सांगा. सांगितलं न्हाई?"

"न्हाई," अंजू म्हणाली.

अंगद शेळ्यांना पाला टाकून आला तेव्हा ती बादलीपाशीच बसली होती. तिनं हेल्मेट पुढं धरलं. "आवो, ह्ये कावून तडकलं?"

त्यानं बघितलं. मग म्हणाला, "उन्हानं तडकलं आसंल. बाहेरच आसतंय कायम."

वाहेदचं बोलणं मनाला लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

"उन्हाला नारळाची शेंडी आसती का?"

तो खाली बसला. "अगं, लई बारीक भेग हाय. ती पडतीय कुठं?"

"मागल्या सोमवारी पडली की. खांद्यावर पडली. त्या दिवशी मी ह्या चित्रापुढं तुपाचा दिवा लावला. तुमी शेजारी उभे होता."

"मला वाटलं..."

"तुमी मला देवाचं खोटं सांगितलं. मी रोज बोट लावत होते, तुमी बघत होता."

"योगीला सांगू नको," तो हळूच म्हणाला. "तिला मी मोठा भाऊ हाय. रविवार झाला की नवं आणतो, देवाशपथ."

अंजूनं त्याच्याकडं बघितलंच नाही. शपथ कुणाची घेतली तेही तिला ऐकावंसं वाटलं नाही.

योगिता दूध घालून आली. "वहिनी, गाद्या वाळल्या का? अन् दादाचं तोंड असं कावून झालंय, बोकड मेला का काय?"

अंजूनं हेल्मेट तिच्या हातात दिलं, भेगेवर बोट ठेवलं, नि मग सगळं सांगितलं. दसऱ्यापासून वाहेदच्या फोनपर्यंत. योगितानं आत हात घातला, अंगठा चिरेवरून दोनदा फिरवला.

"दादा, तुला म्हाईत होतं?"

अंगद शेळ्यांकडं बघत राहिला.

"सोमवारी मला उचलायला तूच आलतास," ती म्हणाली. "डोकं वाचलं म्हणून हसत होतास."

ती आत जाऊन अंजूपुढं पाठ करून बसली. अंजूनं तिच्या दोन चपट्या वेण्या घातल्या, मापाला लागतील म्हणून. सोडवलेलं चित्र तिनं देव्हाऱ्यात, अगदी मागं ठेवलं. त्या दिवशी संकष्टी होती, पण दूर्वा आणायच्या राहिल्या.

बादलीतल्या दोन गाद्या तशाच सोडून, फुटकं हेल्मेट पिशवीत घालून दोघी अकराच्या एसटीनं बीडला निघाल्या, वाहेदच्या दुकानातून योगिताच्या मापाचं नवं हेल्मेट आणायला.