‘सर’चा फोन

बीरगांवहून रायपूरला येताना ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करणारी. मी फोनवर मराठीत बोलले, ते ऐकून तिने आपला मोबाईल पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, हे इंग्रजी वाचून सांगता का?"

क्रिप्टोच्या कुठल्याशा अ‍ॅपवर तिचे पैसे दुप्पट झालेले दिसत होते. ते काढायचे तर आधी टॅक्स भरा, असं खाली लिहिलं होतं.

"माहेच पैसे काढायले अजून पैसे काहून?"

"कारण ही फसवणूक आहे. पैसे काढायच्या आधी पैसे मागितले की समजायचं. आता एक रुपयाही पाठवू नका. सायबर पोलिसांकडे जा."

तिने पुन्हा मोबाईल पुसला. "पण हे अ‍ॅपवाले सर रोज दुपारी फोन करून विचारतेत, 'दीदी, खाना खाया?' घरी तर कोणी नाही विचारत. खोटा माणूस असं काहून विचारते?"



तेवढ्यात त्याच सरांचा फोन आला. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ तो वाजू दिला आणि कापला.

मग गोंधळून म्हणाली, "त्यायले वाईट तर नाही वाटणार ना?"