ज्वारीच्या दाण्यांची अक्षरं

म्हसावदच्या आसपासच्या शाळांमध्ये फिरती विशेष शिक्षिका म्हणून मी लागले, तेव्हा माझ्या यादीत एक आठ वर्षांची मुलगी होती. जन्मापासून आंधळी. तिला ब्रेल शिकवायचं, पण ब्रेलचा जाड कागदच नव्हता. विचारावं तर "मागणी गेलीय, मॅडम" हेच उत्तर. मी मुळात तापट. एका संध्याकाळी चिडून घरातली ज्वारी घेतली, मैद्याची खळ शिजवली आणि पुठ्ठ्यावर दाणे चिकटवून ब्रेलची टपोरी टिंबं केली. अशी बारा कार्डं झाली आणि मी स्वतःवरच भलती खूश झाले.

पोरगी चलाख. वर्गात इतर मुलं म्हणतील ती कविता तिला दोनदा ऐकून पाठ. दिवाळीपर्यंत ती बाराही कार्डं धडाधड वाचू लागली. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जात आणि तिलाही नेत. तिथे फडात कसली शाळा? मी वडिलांना म्हटलं, "या वर्षी हिला इथेच, गावातल्या मावशीकडे ठेवा, वाचायला लागलीय."

ते हसले. "मॅडम, ती वाची नही ऱ्हायनी. पाठ शे तिले सगळं."

मला राग आला. राग जास्त याचा, की रात्रंदिवस मलाही तीच धास्ती होती. बाराच तर कार्डं, त्याच क्रमानं रोज. खरंच पाठ असतील तर?

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दारात हजर झाले. खळ दमट झाली होती म्हणून माझ्याच सांगण्यावरून आईनं सकाळीच कार्डं अंगणात खाटेवर वाळत टाकली होती. वडील समोर बसले. पोरीनं दोन कार्डं वाचली, तिसऱ्यावर बोट थांबलं. पुढे जाईना. पुन्हा मागे, पुन्हा तिथेच. वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, आठे दाना नही शे," ती म्हणाली. "खळ शे, दाना नही. कोंबडीनी खादा."

मी वाकून बघितलं. खरंच! खळीचा डाग होता आणि वरचा दाणा गायब. धान्यानं लिहायचं, खळीनं चिकटवायचं आणि कोंबड्यांच्या अंगणात वाळत घालायचं, हे शहाणपण अर्थात माझंच. पण पाठ असतं तर बोट थांबलंच नसतं; त्या क्षणी मला त्या कोंबडीच्या पाया पडावंसं वाटलं.

वडिलांचं मात्र अजून समाधान नव्हतं. त्यांनी चळतीतून सातवं कार्ड ओढलं, नखानं एक दाणा उकरला आणि कार्ड तिच्या हातात दिलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मी पदर तोंडात धरला.

बोट चालू लागलं. थांबलं. मग ती खुदकन हसली.

"बाबा, हाऊ दाना कोणी खादा?"

वडिलांनी मूठ उघडून तो दाणा बघितला. "मी खादा, बेटा," ते डोळे पुसत म्हणाले. मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि कार्डांची सगळी चळत तिच्या मांडीवर ठेवली. पोरगी पुढचं कार्ड घेऊन लगेच वाचायला लागली, कारण तिला आमच्या रडारडीत काडीचाही रस नव्हता.

मी तर उघड उघड रडत होते. एवढी मोठी परीक्षा मी स्वतः कधी पास झाले नव्हते, आणि हिनं तर ती हसत हसत दिली. मी शेजारणींना हाका मारून मारून सांगितलं. त्या दिवशी मी जितकी मिरवले तितकी स्वतःच्या लग्नातही मिरवले नसेन.

वडील उठले आणि दारातल्या बायकोला म्हणाले, "पोर आठेच ऱ्हाई. शिकी ती."

आईनं प्रवासाचं बांधलेलं गाठोडं सोडलं, त्यातून पोरीचे दोन फ्रॉक काढले आणि मावशीच्या घराकडे चालू लागली.