हिरव्या इरकलीचं लपण

काल आईच्या कपाटातली हिरवी इरकल उलगडली आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर रायापूरच्या घराचं परस समोर आलं. साडीच्या मधोमध कॅमेऱ्यासाठी कापलेलं भोक अजून तसंच आहे.

त्या सकाळी अप्पांनी पेरूखाली चार बांबू रोवले आणि भोवती ही जुनी साडी गुंडाळली. पाखरांचे फोटो काढायचं आमचं लपण. आम्ही दोघं आत शिरलो, मग अप्पा एकटेच बाहेर पडले. जाताना कुजबुजले, "पाखरांना मोजता येत नाही. एक बाहेर गेला की त्यांना वाटतं, आत कुणी नाही."

मी दयाळ पक्ष्याची वाट बघत बसले. आली ती आई, धुणं वाळत घालायला. तिनं बादली खाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि चक्क शीळ घातली. घरात कुणी शिट्टी वाजवली की डोळे वटारणारी माझी आई! कुंपणावरून दयाळानं उत्तर दिलं. तिनं पुन्हा घातली, तसा तो तारेवर येऊन बसला, तिच्यापासून हातभर अंतरावर. माझं बोट बटणावर होतं, पण खटका तिला ऐकू गेला असता.

जेवताना अप्पांनी विचारलं, "आला का गं?" मी "नाही" म्हणाले. आईनं माझ्या भातावर तूप वाढलं. "उद्या बस परत," ती म्हणाली, "येतो की तो."

इतकी वर्षं वाटत होतं, तिचं गुपित मी राखलं. आता साडी मांडीवर घेऊन बसले आहे आणि काही उमगत नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. आणि आई शाळेत गणित शिकवायची.