फळ्यावरचे नऊ

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम संपला की आमचा संघ जिच्या नावानं खेळतो त्या पेठेतल्या तालमीसमोर फळा लागतो आणि पुढच्या हंगामासाठी आपल्याच खेळाडूंना दहापैकी गुण देण्यावरून आम्ही बाप्यामाणसं तावातावानं भांडतो. यंदाचं भांडण वेगळं होतं. गोलकीपर दुसऱ्या पेठेच्या संघात गेला होता, बचावात कुणी उरलं नव्हतं. सगळी भिस्त संग्रामवर, आणि त्याचाच गुडघा दुखावलेला.

"संग्रामला नऊ," बापू म्हणाले. ते आमच्यातले सगळ्यात जुने.

"असल्या गुडघ्याला? चार द्या!" मी खेकसलो.

"चार दिलं तर आपल्याकडं राहिलं काय रं?" बापू फळ्याकडं वळले. त्यांनी खडूनं नऊ लिहिले.

माझा राग तिथंच विरला. हातातलं सगळं निसटायला लागलं की माणूस असाच एखादा आकडा घट्ट धरतो. अंथरुणावरच्या माणसाला "आज चेहरा बरा दिसतोय" म्हणतो, तेव्हा आपण तरी दुसरं काय करतो?

इतक्यात संग्रामच लंगडत आला आणि फळ्याकडं बघत राहिला. त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर आम्ही गुण घालत बसलो होतो, याची मला लाज वाटली. मी तो आकडा पुसायला हात लावला.

"नको पुसू, दादा," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, आता खेळणं बंद. घरात अजून सांगितलं नाही. आई रोज हितनंच देवळाला जाती, फळा बघती."

नवाचं शेपूट माझ्या बोटांनी पुसलं गेलं होतं. मी बापूंकडून खडू घेतला आणि ते पुन्हा गिरवलं.