एका कानाचा भाव

छपाईच्या धंद्यात मोठं अक्षर कोणीही टाकतो, कसब लागतं ते बारीक अक्षराला. सोलापुरात गेली वीस वर्षं मी हँडबिलं जुळवतो आहे. साड्यांचे सेल, शिकवण्या, प्लॉट, मूळव्याधीचे दवाखाने, सगळं माझ्या कॉम्प्युटरवरून गेलेलं. किंमत किती फुगवायची आणि तिच्या डोक्यावरची ‘अटी लागू’ची चांदणी किती बारीक ठेवायची, हे माझ्याइतकं कोणाला जमत नाही असा मला गर्व होता. आज सांगायला लाज वाटते, पण होता.

श्रवणयंत्रं विकणाऱ्या एका केंद्राचं काम तेव्हा माझ्याकडे आलं. मजकूर केंद्राच्या मालकांनीच आणला होता. ‘आता दोन्ही कानांनी ऐका! फक्त ५,९९९ रुपये.’ खाली एका हसऱ्या मुलीचा फोटो, दोन्ही कानांत यंत्रं. किमतीवर चांदणी, आणि चांदणीचा खुलासा अगदी तळाला: दर एका कानाचा, तपासणी, कानाचा साचा आणि बॅटरी वेगळी.

‘‘हे मराठीत नको,’’ मालक म्हणाले. ‘‘इंग्रजीत टाका. लोक उगाच वाचत बसतात.’’

मी हसलो आणि टाकलं. इतकं बारीक की कागद नाकाला लावला तरी ओळ आहे की शाईचा डाग, ते कळू नये. त्याच सुमारास छापखानेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्राहक संरक्षणाचे नियम फिरत होते. दावा ज्या भाषेत, अटही त्याच भाषेत हवी, ती सहज वाचता आली पाहिजे, आणि अटीनं मूळ दावाच फिरवून टाकता कामा नये. मी ते वाचलं, खाली अंगठा टाकला आणि चहा प्यायला गेलो.

हँडबिलं वर्तमानपत्रांतून गेली, तालुक्यांच्या बाजारांतही वाटली गेली. दोनेक आठवड्यांनी भर दुपारी एक म्हातारा छापखान्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला. डोक्याला तांबडा पटका, हातात काठी, दुसऱ्या हाताला सात-आठ वर्षांची नात. पहाटेच्या एसटीनं माळशिरसहून आलेला.

त्यानं खिशातून माझं हँडबिल काढलं. ‘‘हे तुमी छापलंय न्हवं?’’

‘‘हो. का?’’

‘‘मग तुमीच चला. त्यो भाव मोडाय लागलाय.’’

मला काही उमजेना. त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. हळूहळू उलगडलं. घरची माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ. नात आजोबाजवळ राहून शाळेत जाते. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, पोरगी ढ नाही, तिला ऐकू येत नाही. गावातल्या दुकानदारानं हँडबिल वाचून दाखवलं. म्हाताऱ्यानं बाजारात बकरी विकली, तेवढेच पैसे कनवटीला लावले आणि आला. केंद्रात सांगितलं, दोन्ही कानांचे मिळून दुपटीच्या वर होतात. मग त्यानं रिक्षावाल्याकडून हँडबिलाच्या तळाची, छापखान्याच्या पत्त्याची ओळ वाचून घेतली. तळाला ती तेवढी मराठीत होती. आणि तो थेट माझ्याकडे आला.

‘‘बाबा, मी फक्त छापतो. भाव त्यांचा,’’ मी म्हणालो.

‘‘असं कसं?’’ तो खरोखरच गोंधळला. ‘‘बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतोय. बघणाऱ्याला कायबी दिसत न्हाय. पर मधी दलाल असतोय की. कुणी मोडाय लागला तर त्येला हुबा करायचा. तुमी तर उगड्यावर छापलंय.’’

म्हाताऱ्यानं मला दलाल धरलं होतं. पहिल्यांदा राग आला. मी शिकलेला माणूस, बाजारातला दलाल नव्हे! मग लक्षात आलं, राग येण्यासारखं तो काही खोटं बोललेला नाही. मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

केंद्रात मालक शांत होते. ‘‘अट छापलेली आहे. वाचायला नको का?’’ ते म्हणाले आणि हँडबिल माझ्याच पुढे सरकवलं. ‘‘तुम्हीच सांगा यांना.’’

मी ती ओळ वाचली आणि एकेक शब्द मराठीत सांगितला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, ‘‘बाकी समदं आमच्या भाषेत हाय. मग एवढंच का न्हाय?’’

माझ्याजवळ उत्तर होतं. मालकांकडे न बघता मी ते दिलं. ‘‘तुम्ही वाचू नये म्हणून.’’

मग मीच मालकांना म्हणालो, मी ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार करणार, आणि जुळवणारा म्हणून माझंही नाव देणार. ती मी नंतर केलीही; ते हँडबिल बंद झालं. पण त्या दुपारी मालक एवढंच नमले, की छापल्या पैशांत एका कानाचं तरी सगळं करून देतो, वर एक रुपया घेणार नाही. दुसऱ्या कानाचे मी भरतो म्हणालो, तर म्हाताऱ्यानं हात आडवा केला. ‘‘सौदा त्येनं मोडला. भरपाई तुमी कशापायी?’’

तपासणी झाली. दोन्ही कान सारखेच अधू निघाले. तिथल्या मुलीनं विचारलं, ‘‘बाबा, कोणता कान करायचा?’’

म्हातारा नातीकडे बघत राहिला. तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता. ती टेबलावरचा प्लास्टिकचा कान हाताळत होती.

‘‘उजवा करा,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘सुट्टीत मेंढरं रस्त्याकडनं नेताना पोरगी डाव्या अंगाला चालती. गाड्या उजवीकडनं जात्यात.’’

‘‘आणि शाळेत?’’ मी विचारलं.

‘‘शाळंत बाक बदलता येतंय. रस्ता न्हाय बदलता येत.’’

साचा तयार होईपर्यंत कानात घालायच्या तयार रबरी बोंडावर काम भागवून यंत्र बसवलं. आवाज लावताच पोरगी दचकली आणि आजोबाला बिलगली. सुट्ट्या बॅटऱ्या म्हाताऱ्यानं रुमालाच्या गाठीत बांधल्या.

स्टँडपर्यंत मी सोबत गेलो. एसटी लागली होती. पोरगी पायरीवर चढत होती, मी तिच्या डाव्या हाताला उभा होतो.

‘‘नीट जा गं, बाळ,’’ मी म्हणालो.

तिनं वळून पाहिलं नाही. पुन्हा जरा मोठ्यानं म्हणालो. तरीही नाही.