नळाच्या दिवशी जैसलमेर

माळ्यावरून ताडपत्रीची जुनी सॅक काढली, तर तिचा मेणचट वास अजून तसाच. शेजारच्या खोलीत मुलगी मोबाइलवर जोधपूर, जैसलमेर, बिकानेर जुळवत बसलीय. फार महाग नको, पण अगदी धर्मशाळाही नको, असं तिचं चाललंय. आमचंही नेमकं असंच होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी इथंच लातुरात माझा दोस्त सलीम ताडपत्र्या शिवायचा. आम्ही दोघांनी राजस्थानला जायचं ठरवलं, तेव्हा दोन्ही सॅक त्यानंच शिवल्या आणि बाहेरून पाण्याच्या कॅनसाठी जाड पट्टे लावले.

"वाळवंट हाय बाबा. पाणी आपलंच न्यावं," तो म्हणाला. लातूरकराला दुसरं काय सुचणार!

त्या दुपारी दुकानात मशीनच्या तेलाचा वास होता. गुडघ्यांवर नकाशा पसरून सलीम एकेका किल्ल्यावर बोट ठेवत होता. तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "नळ आला!" आठ दिवसांनी आलेलं पाणी. मी उठलोच.

"निघायच्या दिवशी पुन्हा नळाची पाळी हाय. आई एकटी कशी भरंल? पुढच्या महिन्यात जाऊ," मी म्हणालो.

"तू न्हाई येणार," सलीम नकाशाची घडी घालत म्हणाला. तो एकटाच गेला. तेव्हा मला त्याचा लई राग आला होता. आता वाटतं, त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"पप्पा, तुम्ही पण चला ना!" मुलगी आतून म्हणते.

मी सॅक पाठीला लावून बघतो. कॅनचे पट्टे अजून कोरे आहेत. हो म्हणायला तोंड उघडतो, तेवढ्यात मोरीतला नळ फुसफुसतो, आणि पाठीवर सॅक तशीच ठेवून मी घागर उचलतो.